ऐरणीवरून ज्योतीकडे : आपल्या धंद्याची कमाई आणि तिची किंमत

राजेरजवाड्यांच्या बखरींत तलवार कोणी चालविली हे लिहिलेले असते. ती कोणी घडविली हे सहसा लिहिलेले नसते. त्यामुळे आपल्या लोहार समाजाचा इतिहास ग्रंथांत शोधू जाता फारसा सापडत नाही. तो सापडतो वखराच्या पाशीत, तिफणीच्या फणांत, गाडीच्या धावेत आणि अलीकडच्या काळात लोखंडी दरवाजाच्या सांध्यात. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही वंशावळीचा विषय न घेता धंद्याचाच विषय घेतला आहे. त्याला कारणही तसेच आहे. मोर्शी, वरूड, चांदूरबाजार या भागांतील आपल्या अनेक घरांत आज एकच प्रश्न विचारला जातो : मुलाला वेल्डिंगच्या कामाला घालावे की नाही? एक म्हणतो, त्यात चांगला पैसा आहे. दुसरा म्हणतो, त्यात डोळे आणि छाती जाते. आमच्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे. आणि म्हणूनच ते दोन्ही एका तराजूत घालून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम जुन्या भात्याकडे वळू. वऱ्हाडातील गावगाड्यात लोहाराचे स्थान ठरलेले होते. पेरणीपूर्वी पास पाजविणे, डवऱ्याची दुरुस्ती करणे, विळे, खुरपी, कुऱ्हाडी व टिकास घडविणे, ही कामे त्याच्याकडे असत. त्याबद्दल त्याला रोख पैसा क्वचितच मिळे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन तो आपल्या वाट्याचे धान्य घेई. ही व्यवस्था सुरक्षित होती असे पुष्कळदा सांगितले जाते. पण ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षी कुणब्याच्या खळ्याबरोबर लोहाराचे बलुतेही बसे, हे आपण विसरू नये. त्याच्या कौशल्याला मान होता, परंतु त्या कौशल्याचा भाव ठरविणे त्याच्या हाती नव्हते.

लोखंड जोडण्याची विद्या आपल्याला नवी नाही. गाडीची धाव करताना लोखंडी पट्टीची दोन टोके पांढऱ्या तेजापर्यंत तापवून, वाळू टाकून, घणाच्या ठोक्यांनी एकजीव केली जात. मग ती तापलेली धाव लाकडी चाकावर चढवून वरून पाणी ओतले की ती आकसून चाकाला घट्ट आवळी. हा जोड धरला की नाही हे लोखंडाच्या रंगावरून ओळखावे लागे. थोडक्यात, वेल्डिंग ही आपल्याच विद्येची पुढची पायरी होय.

त्या जुन्या कामातही शरीराची झीज होतीच. भट्टीकडे सतत पाहून डोळे लाल होत, ठोक्यांनी कान मंद होत, आणि भाजल्याचे डाग तर हातावर कायमचे असत. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने 1700 साली निरनिराळ्या कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लोहारांच्या डोळ्यांच्या तक्रारींचाही विचार केलेला आहे. रोग्याची विचारपूस करताना वैद्याने त्याचा धंदा कोणता हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षे उलटली तरी आपल्यापैकी किती जण डॉक्टरांकडे गेल्यावर आपण होऊन आपला धंदा सांगतात?

भात्याचे दिवस कसे सरले ते आता पाहू. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 साली भुसावळकडून आलेली आगगाडी नागपूरला पोचली. त्याच मार्गाने विलायती लोखंड आले, कापूस पिंजण्याची व दाबण्याची यंत्रे आली, आणि गावात घडलेल्या मालाशी कारखान्यात घडलेला माल स्पर्धा करू लागला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला व 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली. महाराष्ट्राच्या उद्योगाच्या दृष्टीने ती अभिमानाची गोष्ट. पण साच्यातला नांगर जसजसा पसरला तसतसे गावच्या लोहाराचे एकेक काम कमी झाले. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या व धाव चढविण्याचे कामही गेले. आपली विद्या कमी पडली म्हणून हे झाले नाही. विद्या तीच राहिली आणि तिचे गिऱ्हाईक बदलले.

याच सुमारास दूर देशी एक नवी विद्या जन्मत होती. रशियातील बेनार्दोस याने 1885 च्या सुमारास कोळशाच्या कांडीने विजेची ज्योत पेटवून धातू जोडण्याची पद्धत काढली. 1888 मध्ये स्लाव्यानोव्ह याने कोळशाऐवजी वितळणारी धातूचीच कांडी वापरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने त्या कांडीवर लेप चढविला. आज आपली मुले ज्याला रॉड म्हणतात तो हाच. फ्रान्समध्ये 1903 च्या सुमारास ऑक्सिजन व ॲसेटिलीन वायूंची ज्योत कामात आली. लोखंड सुमारे 1,538 अंशांवर वितळते आणि या वायूंची ज्योत 3,000 अंशांच्या वर जाते. विजेची ज्योत तर त्याहूनही उष्ण असते. घणाने तासभर जे साधावे ते क्षणात साधू लागले. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. भट्टीत लोखंड तापत असे. येथे ते काही अंशी उकळून वाफ होते. ती वाफ हवेत थिजून अतिसूक्ष्म कण बनते, आणि त्या कणांनाच आपण वेल्डिंगचा धूर म्हणतो. कमाई आणि धोका या दोहोंचे मूळ त्या एकाच ज्योतीत आहे.

आपल्या देशात ही विद्या टप्प्याटप्प्याने आली. कलकत्त्यास 1935 साली इंडियन ऑक्सिजन अँड ॲसेटिलीन कंपनी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर, 1950 साली, केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली व आय.टी.आय.चे दरवाजे सामान्य घरच्या मुलांना उघडले. सरकारी मराठीत तेथील वेल्डरला 'संधाता' असे सुंदर नाव आहे. 1960 साली महाराष्ट्र राज्य आणि राज्य वीज मंडळ ही दोन्ही अस्तित्वात आली, पुढे वीज तालुक्याच्या गावांत पोचली, आणि जेथे भाता होता तेथे वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. अशा केंद्रांच्या बाष्पकांत नळ्यांचे असंख्य सांधे असतात. आपल्या मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर जे अप्पर वर्धा धरण 1993 मध्ये पूर्ण झाले त्याला 13 दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडल्याची बातमी आली की लोक पाणी पाहावयास जातात. आम्ही म्हणतो, पाण्याबरोबर त्या पोलादी दरवाजांकडेही पाहावे. एवढ्या पाण्याचा भार लोखंडाच्या जोडांनी तोलला आहे.

आता कमाईचा विचार करू. वेल्डिंग हा एकच धंदा आहे असे समजणे ही पहिली चूक होय. त्यात निदान तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी रस्त्यालगतच्या दुकानाची. येथे खिडक्यांच्या जाळ्या, फाटके, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि संत्र्याच्या बागांसाठी लागणारी पाइपची व फवारणीच्या टाक्यांची कामे होतात. मजुरी रोजावर अथवा किलोच्या भावाने मिळते. मालकाला रॉड, वीज व उधारी यांचा भार सोसावा लागतो आणि पावसाळ्यात काम मंदावते. दुसरी पायरी कारखान्याची. अमरावतीजवळचे नांदगावपेठ किंवा नागपूरजवळचे बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींत पगार महिन्याचा असतो. परंतु कायम कामगार आणि ठेकेदाराचा माणूस यांच्या पदरात पडणाऱ्या रकमेत व हक्कांत मोठे अंतर असते. तिसरी पायरी नळकाम व बाष्पककामाची. येथे परीक्षा द्यावी लागते. तिरका, 45 अंशांत अचल बसविलेला नळ चोहोबाजूंनी जोडून दाखवावा लागतो. त्या परीक्षेला 'सिक्स-जी' म्हणतात. जोड क्ष-किरणांनी तपासला जातो आणि मोबदला पुष्कळदा इंच-डायाच्या हिशेबाने मिळतो. 1973 नंतर तेलाचे भाव चढले व आखाती देशांत मोठी बांधकामे निघाली, तेव्हा भारतातून जे कारागीर तिकडे गेले त्यांत वेल्डरही होते.

परदेशच्या कमाईविषयी आपल्याकडे अतिशयोक्ती फार चालते. म्हणून एक अधिकृत आकडा देतो. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मे 2023 च्या पाहणीत वेल्डरचे मधले वार्षिक वेतन 48,940 डॉलर होते. सर्व धंद्यांचे मिळून मधले वेतन 48,060 डॉलर होते. म्हणजे त्या श्रीमंत देशातही साधा वेल्डर हा सरासरी कामगाराच्या किंचितच पुढे आहे. मोठी कमाई आहे ती वरच्या पायरीवर, अवघड जागी, पाळीवर आणि घरापासून दूर. यंत्र सर्वत्र सारखेच असले तरी भाव हाताच्या कसबाला व त्या कसबाच्या दाखल्याला मिळतो.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूस शरीर आहे. काही अपाय तत्काळ कळतात. ज्योतीतील अतिनील किरणांनी बुबुळाची वरची त्वचा भाजते. काम करताना काही वाटत नाही, पण काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते व पाणी लोटते. बटाट्याच्या चकत्या ठेवून गारवा वाटतो, एवढेच. त्याने पुढचा अपाय टळत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जोडल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडते व तोंडाला धातूची चव येते. हा ताप एकदोन दिवसांत उतरतो. गूळ खाल्ल्याने किंवा दूध प्याल्याने तो टळतो ही समजूत मात्र निराधार आहे. रिकाम्या डिझेलच्या टाकीत उरलेली वाफ ठिणगीने स्फोट करते. ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी काम करताना विजेचा धक्का बसतो. विहिरीत किंवा बंद टाकीत धूर कोंडून माणूस गुदमरतो.

जे अपाय उशिरा कळतात ते अधिक घातक आहेत. 1936 मध्ये डोइग व मॅक्लॉग्लिन या ब्रिटिश डॉक्टरांनी वेल्डरांच्या छातीची क्ष-किरण चित्रे घेतली व फुप्फुसांत लोखंडाच्या कणांचे डाग दाखविले. ते काम सोडल्यावर हे डाग कालांतराने फिके होऊ शकतात असे पुढे दिसून आले, आणि धूर फारसा घातक नाही असे अनेकांना वाटत राहिले. परंतु ज्ञान पुढे गेले. स्टेनलेस पोलादाच्या धुरात क्रोमियम व निकेल असतात. मँगॅनीज दीर्घकाळ शरीरात गेल्यास हातापायांना कंप व मंदपणा येऊ शकतो. फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1989 मध्ये वेल्डिंगच्या धुराला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या वर्गात ठेवले होते. 2017 मध्ये तिने तो 'मनुष्यात निश्चित कर्करोगकारक' या पहिल्या वर्गात टाकला. याचा अर्थ प्रत्येक वेल्डरला कर्करोग होतो असा नव्हे. हा वर्ग पुरावा किती पक्का आहे ते सांगतो; धोका किती मोठा ते सांगत नाही. धोका किती हे धूर किती व किती वर्षे घेतला यावर अवलंबून असते, आणि विडी-सिगारेटने तो वाढतो. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने 2019 मध्ये तर साध्या पोलादाच्या धुरालाही हाच नियम लावला व खिडक्या उघड्या ठेवणे पुरेसे नाही असे बजावले. तेथे वेल्डरांना न्यूमोनियाविरुद्ध लस घेण्याची शिफारसही आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग या धंद्याचे नावच नको. आमचा निष्कर्ष तसा नाही. धुराचे प्रमाण नशिबावर अवलंबून नसते. आपल्याकडे मुलगा जमिनीवर उकिडवा बसून जोडावर वाकतो, तेव्हा वर चढणारा धूर थेट त्याच्या नाकात जातो. तेच काम टेबलावर, वारा बाजूने घेऊन, डोके धुराबाहेर ठेवून केले तर फरक पडतो; धूर शोषून घेणारा पंखा व नळी असेल तर अधिक पडतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा हे सूक्ष्म कण अडवीत नाही. त्यासाठी एन-95 किंवा एफएफपी-2 जातीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा हवा. साधा काळा चष्मा चालत नाही. पूर्ण चेहरा झाकणारे ढाल-शिरस्त्राण व योग्य क्रमांकाची काच हवी. हे सारे कारखान्यात मिळू शकते आणि दुकानात बहुधा मिळत नाही.

कायद्याचेही तसेच आहे. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात मँगॅनीजची विषबाधा व उष्ण किरणांनी होणारा मोतीबिंदू हे धंद्याचे रोग म्हणून नोंदले गेले. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने डोळ्यांचे रक्षण व विषारी धुरापासून बचाव ही मालकाची जबाबदारी ठरविली. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असले तरच तो लागू होई. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने ती संख्या 20 केली. दोन-तीन माणसांचे दुकान तेव्हाही बाहेर होते व आजही बाहेर आहे. आपली बहुतेक मुले जेथे काम शिकतात तेथेच कायद्याचा हात पोचत नाही, ही या प्रश्नातील खरी अडचण आहे.

आता तराजू उचलू. समजा, एका मुलाला दोन ठिकाणी काम मिळते आहे. एका जागी महिना 18,000 रुपये, कामगार विमा, मुखवटा व शिरस्त्राण मिळते. दुसऱ्या जागी 20,000 रुपये रोख मिळतात आणि बाकी काही नाही. 2019 पासूनच्या दराने, म्हणजे कामगाराचे पाऊण टक्का व मालकाचे सव्वातीन टक्के या हिशेबाने, पहिल्या जागी मुलाच्या पगारातून विम्याचे 135 रुपये कापले जातील आणि मालक 585 रुपये भरील. घरचे म्हणतात, दुसरी जागा घे. वरवरच्या हिशेबाने तिथे 20 वर्षांत 4,80,000 रुपये अधिक मिळतील. पण धुराने खोकला जडून तो 58 ऐवजी 45 व्या वर्षी घरी बसला तर 13 वर्षांचा पगार बुडेल. 18,000 च्या हिशेबानेही ती रक्कम 28,08,000 रुपये होते. औषधपाण्याचा खर्च त्यात धरलेलाच नाही. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. असा प्रसंग प्रत्येकावर येईल असे नाही. पण तो ज्याच्यावर येईल त्याला ते वाढीव 2,000 रुपये कोठून आले हे कळेल. जी मजुरी मुखवट्याचे पैसे वाचवून वाढते ती मजुरी नव्हे. ते आपल्याच आयुष्याकडून घेतलेले कर्ज होय, आणि त्याची फेड म्हातारपणी करावी लागते.

म्हणून आमचे मत असे आहे की, वेल्डिंग हा आपल्या मुलांनी घ्यावा असाच धंदा आहे. मात्र तो शिकून घ्यावा, दाखल्यासह घ्यावा व पहिल्याच पायरीवर जन्म काढण्यासाठी घेऊ नये. आठवी उत्तीर्ण मुलाला आय.टी.आय.त संधात्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. मुलींनाही तो दरवाजा उघडा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गोद्यांत हजारो स्त्रियांनी जहाजे जोडली हे लक्षात घ्यावे. काम स्वीकारताना पालकांनी पगाराबरोबर चार गोष्टी विचाराव्यात : विमा आहे काय, मुखवटा कोण देतो, धूर बाहेर कसा जातो, आणि जोडावयाचा माल कोणता. परदेशी जाणाऱ्याने 1983 च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटाशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत.

दुकानाचे मालक असलेल्या समाजबांधवांना आमचे वेगळे सांगणे आहे. तुमच्याकडे शिकावयास येणारा मुलगा बहुधा तुमच्याच नात्यातला असतो. त्याला तुम्ही पुतण्या किंवा भाचा म्हणता. कायदा तुमच्या दारात येत नसेल, पण नाते तर आलेलेच आहे. जस्ताचा मुलामा व रंग जोडाच्या जागी घासून काढल्याशिवाय ज्योत पेटवू देऊ नका. डिझेलची किंवा औषधाची टाकी नीट धुऊन, त्यातली वाफ काढून टाकल्याखेरीज तिला हात लावू देऊ नका. खात्री नसेल तर ते काम परत करा. गिऱ्हाईक रागावेल तर रागावू द्या.

आपल्या मंडळाकडेही एक विनंती आहे. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांना पुस्तके व शाली देतो. तो प्रघात योग्यच आहे. त्याच समारंभात आय.टी.आय. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येक संधात्याला एक चांगले शिरस्त्राण व मुखवट्यांचा संच द्यावा, आणि पस्तिशी ओलांडलेल्या वेल्डर बांधवांची छाती व डोळे वर्षातून एकदा तपासण्याची व्यवस्था करावी. शालीने सत्कार होतो. या वस्तूंनी आयुष्य राखले जाईल.

आपल्या पूर्वजांनी लोखंडाचा रंग पाहून त्याची वेळ ओळखली. योग्य क्षणी घण घातला तर जोड धरतो, वेळ टळली तर तो निसटतो. धूर छातीत साठण्यापूर्वी सावध होण्याची वेळही तशीच असते. पुढच्या पिढीच्या हाती ज्योत देताना ती वेळ आपल्या समाजाने ओळखावी, एवढीच आमची समस्त बंधुभगिनींना नम्र प्रार्थना आहे.